आडवं पडलं की दम का लागतो? वाढलेलं वजन, झोपण्याची पद्धत आणि फुफ्फुसं

आपल्या बऱ्याच घरांत असं एखादं माणूस असतंच. दिवसभर चालतं-फिरतं, सगळ्यांशी बोलतं, पण रात्री सपाट गादीवर पाठ टेकली की अस्वस्थ होतं. मग एक उशी, दुसरी उशी, तिसरी उशी. शेवटी भिंतीला लोड लावून बसल्या-बसल्याच डोळा लागतो. घरचे म्हणतात, "अम्मीला तशीच सवय आहे." किंवा "अब्बांचं आता वय झालं." घोरण्यावरून मुलं हसतात, आणि दुपारी डुलकी लागली की आळशीपणाचा ठपकाही बसतो.

यात सवय आणि वय यांचा वाटा असेलही. पण माणसाचं वजन जास्त असेल, विशेषतः पोट मोठं असेल, तर यामागे शरीराचं एक साधं गणित असतं. आपण उभे आहोत, बसलो आहोत, वाकलो आहोत की आडवे आहोत, यावर फुफ्फुसांत किती हवा राहते हे ठरतं. हे गणित समजलं तर दोन फायदे होतात. घरच्या घरी, एक पैसा खर्च न करता थोडा आराम देता येतो. आणि ज्याला आपण सवय म्हणतो ती खरं तर आजाराची खूण आहे का, हे वेळेवर ओळखता येतं. दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा आहे.

शाळेतला बाटली-फुग्याचा प्रयोग

श्वसनाचा धडा शिकवताना आम्ही वर्गात एक प्रयोग करतो. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापायचा, तोंडातून आत एक फुगा लटकवायचा आणि कापलेल्या तळाला रबराचा पडदा ताणून बांधायचा. पडदा खाली ओढला की आतला फुगा आपोआप फुगतो, सोडला की फुगा आकसतो. फुगा म्हणजे फुफ्फुस, बाटली म्हणजे छातीचा पिंजरा आणि रबराचा पडदा म्हणजे श्वासपटल. छाती आणि पोट यांच्या मधोमध घुमटासारखा असणारा हा स्नायू श्वास घेताना खाली सरकतो आणि फुफ्फुसांना जागा करून देतो. साध्या श्वासाचं बहुतेक काम तोच करतो.

आता याच प्रयोगात एक भर घालून कल्पना करा. पडद्याच्या खालच्या बाजूला पाण्याने भरलेली एक जड पिशवी जोडलेली आहे. बाटली उभी असेल तर पिशवी खाली लोंबते, पडद्यालाही खाली ओढते आणि फुग्याला जागा मिळते. बाटली आडवी केली की तीच पिशवी पडद्याला टेकते आणि त्याला आत ढकलते. आपल्या पोटातली आतडी, यकृत आणि चरबी म्हणजे ती पिशवी. उभं राहिलं की गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने असतं, पाठीवर झोपलं की ते विरुद्ध जातं.

हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, सडपातळ माणसाच्याही. साधा श्वास सोडून झाल्यावर प्रौढ माणसाच्या फुफ्फुसांत साधारण दोन ते अडीच लिटर हवा शिल्लक असते. ही शिल्लक म्हणजे घरातल्या पाण्याच्या टाकीसारखी. नळाला पाणी थोडा वेळ नसलं तरी टाकीवर काम चालतं, तसं दोन श्वासांच्या मधल्या वेळात रक्ताला ऑक्सिजन मिळत राहतो तो या साठ्यातून. उभं असलेलं निरोगी माणूस पाठीवर झोपलं की हा साठा अर्धा ते एक लिटरने कमी होतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, कारण त्याच्याकडे भरपूर शिल्लक असते.

पोट मोठं असेल तर काय बदलतं?

वजन वाढलेल्या माणसाची ही टाकी बसलेलं असतानाच अर्धवट रिकामी असते. पोटातली चरबी श्वासपटलाला वर ढकलून ठेवते आणि छातीवरची चरबी बरगड्यांवर ओझं टाकते. कॅनडातल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे मोजलं गेलं. ज्यांचा बीएमआय २० होता, त्यांच्या तुलनेत ३० बीएमआय असलेल्यांच्या फुफ्फुसांतली ही शिल्लक हवा सुमारे ७५ टक्केच होती. आणि साधा श्वास सोडल्यावर जोर लावून आणखी जी हवा बाहेर काढता येते, ती राखीव हवा तर ४७ टक्क्यांवर आली होती, म्हणजे निम्म्याहून कमी.

बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. पाच फूट तीन इंच, म्हणजे साधारण १६० सेंटीमीटर उंचीची बाई ५१ किलोची असेल तर तिचा बीएमआय २० येतो, ६४ किलोला २५ आणि ७७ किलोला ३०. ७७ किलोची बाई आपल्याला फार जाड वाटत नाही. आपल्या नजरेला ती "खात्या-पित्या घरची" वाटते. पण तिच्या श्वासाची राखीव रक्कम तोवर निम्म्यावर आलेली असू शकते.

भारतीय माणसांत कमी वजनालाच पोटाची चरबी जास्त साठते. म्हणून आपल्याकडचे डॉक्टर २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरत आले आहेत. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर गेला तर सावध व्हायला सांगतात. फुफ्फुसांच्या दृष्टीने कमरेचा घेर जास्त बोलका आहे, कारण मांड्यांवरची चरबी श्वासपटलाला ढकलत नाही, पोटातली ढकलते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष २५ किंवा त्याहून जास्त बीएमआयचे आढळले. म्हणजे चारातलं जवळजवळ एक माणूस.

उताणं झोपल्यावर रात्री काय घडतं?

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. खूप लठ्ठ माणूस आडवं पडलं की त्याची शिल्लक हवा आणखी फारशी कमी होत नाही, कारण कमी व्हायला जागाच उरलेली नसते. टाकी आधीच तळाला लागलेली असते. मग दम का लागतो? त्याची कारणं तीन.

पहिलं कारण, बारीक श्वासनलिका. फुफ्फुसं नीट फुगलेली असतील तर या नळ्या ताणलेल्या आणि उघड्या राहतात. हवा कमी झाली की त्या सैल पडतात आणि श्वास पूर्ण बाहेर पडण्याआधीच मिटायला लागतात. थोडी हवा आत अडकते. पुढचा श्वास घेताना आधी त्या दाबावर मात करावी लागते. दार आतून कुणी रेटून धरलंय आणि आपण बाहेरून ढकलतोय, तसं प्रत्येक श्वासाला होतं.

दुसरं कारण, रक्त आणि हवा यांची चुकामूक. पाठीवर झोपल्यावर फुफ्फुसांचा पाठीकडचा भाग सर्वांत खाली येतो. गुरुत्वाकर्षणामुळे रक्त तिकडे जास्त जातं. पण पोटाच्या दाबामुळे नेमक्या त्याच भागातले वायुकोश मिटलेले असतात. रक्त तिथे पोचतं, पण ऑक्सिजन न घेताच परत येतं.

तिसरं कारण घशातलं. झोपेत घशाचे स्नायू सैल होतात. उताणं असेल तर जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे पडतो. मानेभोवती चरबी असेल तर वाट आणखी अरुंद होते. हवा त्या अरुंद वाटेतून जाताना जो आवाज होतो ते घोरणं. वाट पूर्णच बंद झाली की श्वास दहा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त थांबतो. मग मेंदू घाबरून माणसाला जागं करतो, मोठा सुस्कारा येतो आणि घोरणं पुन्हा सुरू. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्याला मात्र सगळं माहीत असतं.

ती डुलकी आळस नाही

इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्स यांच्या १८३६-३७ च्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या-उभ्या, काम करता-करता झोपतो. वाचक त्याला हसत आले. पुढे १९५६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. हा गृहस्थ पत्ते खेळताना हातात उत्तम पानं असूनही डुलकी लागल्यामुळे डाव हरला होता आणि त्यानंतर इस्पितळात दाखल झाला. डॉक्टरांनी या अवस्थेला 'पिकविकियन सिंड्रोम' असं नाव दिलं. आज त्याला लठ्ठपणामुळे येणारं अपुरं श्वसन म्हणतात. यात श्वास इतका उथळ होतो की जागेपणीही रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून राहतो. सकाळी डोकं जड, दिवसभर झोप, पायांना सूज आणि पुढे हृदयावर ताण, अशी ही वाट आहे.

शंभर-सव्वाशे वर्षं जे विनोदाचं पात्र होतं, तो आजारी मुलगा होता. आपल्या घरात दुपारी बोलता-बोलता डोळा लागणाऱ्या खालाला किंवा मामूंना कुंभकर्ण म्हणण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं. बायकांच्या बाबतीत तर आणखी गोंधळ होतो. त्यांच्यात मोठ्या घोरण्यापेक्षा थकवा, झोप न लागणं, सकाळची डोकेदुखी अशा तक्रारी जास्त दिसतात. पाळी गेल्यानंतर धोका वाढतो. पण "घरकामाने थकली असेल" म्हणून विषय संपतो.

कुठल्या स्थितीत काय होतं?

*उताणं, सपाट:* वजनदार माणसाच्या श्वासासाठी ही सर्वांत वाईट स्थिती. वर सांगितलेली तिन्ही कारणं इथे एकत्र येतात.

*कुशीवर:* पोटाचं वजन गादीवर उतरतं, श्वासपटलावरचा दाब हलका होतो, जीभही मागे पडत नाही. बऱ्याच जणांचं घोरणं आणि श्वास थांबणं कुशीवर कमी होतं. जेवणानंतर आंबट ढेकर येत असतील तर डावी कूस बरी. झोपेत पुन्हा उताणं होऊ नये म्हणून पाठीमागे लोड किंवा गुंडाळलेली रजई ठेवता येते.

*डोक्याकडून उंच:* इथे एक चूक सर्रास होते. नुसत्या मानेखाली दोन-तीन उशा घातल्या की हनुवटी छातीला टेकते आणि घशाची वाट उलट अरुंद होते. उतार कमरेपासून डोक्यापर्यंत सलग हवा. खाट मजबूत असेल तर डोक्याकडच्या दोन पायांखाली पक्के लाकडी ठोकळे ठेवावेत. मग पूर्ण शरीरच तिरकं होतं आणि पोट छातीपासून दूर, खाली सरकतं. जमिनीवर गादी असेल तर पाठीखाली लोड आणि रजया रचून लांब उतार करावा.

*बसून:* ताठ बसलं तर चांगलं. पण सोफ्यात रुतून बसलं की पोट वर दाबलं जातं आणि फायदा जातो. पाय खाली सोडून, पाठ टेकून, गुडघे थोडे फाकवून बसावं, म्हणजे पोटाला पुढे जागा मिळते.

*वाकून:* बूट घालताना, फरशी पुसताना, पाटावर बसून कपडे धुताना दम लागतो, कारण मांड्या पोटाला दाबतात आणि पोट श्वासपटलाला. रुकू आणि सजद्यातही काहींना हे जाणवतं. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. पुढे वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत दम लागणं हे हृदय कमजोर झाल्याचंही लक्षण असतं. अमेरिकेतल्या डॅलसच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये याला वेगळं नावच दिलं. म्हणून नमाजसाठी खुर्ची आणून प्रश्न मिटवू नका. आजारी माणसाला दीनने सवलत दिलेली आहे, ती कशी घ्यायची हे इमाम साहेबांना विचारा, पण दम का लागतो हे डॉक्टरांना विचारा.

*पोटावर:* एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांना पालथं झोपण्याची सूचना दिली होती, ती अनेकांना आठवत असेल. पालथं झालं की फुफ्फुसांचा पाठीकडचा मिटलेला भाग उघडतो. फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या गंभीर रुग्णांना रोज बराच वेळ पालथं ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. पण हे इस्पितळात, नजरेखाली केलेलं काम. पोट मोठं असेल तर छाती आणि कंबर उचलून पोट मोकळं ठेवावं लागतं, नाही तर गादीच पोटाला वर दाबते. घरी, स्वतःच्या मनाने हा प्रयोग नको.

दवाखान्यात नेताना आणि ऑपरेशनआधी

दम लागलेल्या माणसाला आपण घाईघाईने आडवं करतो, चार जण उचलून मागच्या सीटवर झोपवतो. वजनदार माणूस शुद्धीवर असेल आणि दम लागला असेल, तर त्याला बसवून, पाय खाली सोडून न्या. १०८ ची रुग्णवाहिका आली तर स्ट्रेचरची पाठ उंच करायला सांगा. शुद्ध हरपली असेल पण श्वास चालू असेल, तर उताणं न ठेवता कुशीवर वळवा.

ऑपरेशनच्या वेळी हे गणित आणखी निर्णायक होतं. भूल दिल्यावर श्वास काही क्षण थांबतो, नळी बसेपर्यंत माणूस साठवलेल्या ऑक्सिजनवर असतो. टाकी छोटी, म्हणून लठ्ठ माणसाचा ऑक्सिजन लवकर घसरतो. २००५ च्या एका अभ्यासात ४० हून जास्त बीएमआय असलेल्या रुग्णांना भुलीआधी काहींना सपाट आणि काहींना २५ अंश डोकं वर करून ऑक्सिजन दिला. सपाट ठेवलेल्यांना सरासरी १५५ सेकंदांचा सुरक्षित वेळ मिळाला, डोकं वर असलेल्यांना २०१ सेकंदांचा. कुठलंही औषध न बदलता, केवळ पाठ उचलल्याने पाऊण मिनिट जास्त. भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी तेवढा वेळ फार मोलाचा असतो. म्हणून ऑपरेशन मोतीबिंदूचं असो की पित्ताशयाचं, त्यांना आधीच सांगा: हे घोरतात, झोपेत श्वास अडकतो, सपाट झोपवत नाही. फॉर्मवर सही करताना ही माहिती लाजून लपवू नका.

उशी वाढवण्याआधी तपासणी

स्थिती बदलल्याने आराम मिळतो, आणि त्यात एक धोकाही आहे. आराम मिळाला की तपासणी राहून जाते. एका उशीवरून तिसरीवर जायला जर काही महिनेच लागले असतील, तर आत काहीतरी वाढतंय असं समजा. सपाट झोपता न येणं हे हृदय कमजोर झाल्याचंही ठळक लक्षण आहे. खालीलपैकी काही दिसत असेल तर डॉक्टरांकडे जा:

- झोपेत श्वास थांबतो, गुदमरून जाग येते
- सकाळी डोकं दुखतं, दिवसा अनावर झोप येते, गाडी चालवताना डुलकी लागते
- उशांची संख्या वाढत चालली आहे किंवा खुर्चीतच झोपावं लागतं
- पायांवर सूज, वाकल्यावर लगेच दम

ओठ निळसर दिसणं, बोलता न येण्याइतका दम, छातीत दुखणं किंवा माणूस गुंगीत जाणं, यासाठी मात्र सकाळची वाट पाहू नका.

तपासणीबद्दलही थोडं समजून घ्या. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री सहसा बसवून करतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आपण दिवसा बसूनच लावतो. त्रास रात्री, आडवं पडल्यावर होतो आणि मोजमाप दिवसा, बसून होतं. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "झोपल्यावर होतं." गरज वाटली तर ते रात्रभराची झोपेची तपासणी सांगतील. शेजारी झोपणाऱ्याने घोरण्याचा आणि श्वास थांबण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून नेला तर निदानाला मोठी मदत होते. स्लीप ॲप्निया निघाला तर सीपॅप नावाचं यंत्र हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवतं. आणि एक काळजी: अशा माणसाला झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देऊ नका. घसा आणखी सैल पडतो, श्वास आणखी मंदावतो.

मूळ उपाय अर्थातच वजन, आणि इथे बातमी आशेची आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये माणसांचा काही वर्षं पाठपुरावा करून २००० मध्ये निष्कर्ष मांडले गेले. ज्यांचं वजन १० टक्क्यांनी घटलं, त्यांचं झोपेत श्वास अडकणं सुमारे २६ टक्क्यांनी कमी झालं. ज्यांचं १० टक्क्यांनी वाढलं, त्यांचं सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे ८० किलोच्या माणसाला ५५ किलोचं व्हायची गरज नाही, आठ किलोनेही रात्र बदलू शकते. रात्रीचं जेवण थोडं आधी आणि थोडं कमी, जेवणानंतर लगेच आडवं न होणं, रोजचं चालणं, इथून सुरुवात होते. रमजानमध्ये इफ्तारला तळलेलं भरपेट खाऊन लगेच लवंडणाऱ्यांनी तर हे जास्त पाळावं. भरलेलं पोट श्वासपटलाला आणखी वर ढकलतं.

आज रात्री घरात एक काम करा. सगळे झोपल्यावर पाच मिनिटं कान देऊन ऐका. कोण घोरतंय, घोरता-घोरता कुणाचा आवाज मध्येच थांबतोय, कोण बसून झोपलंय. ज्याचा आवाज थांबतोय त्याला हळूच कुशीवर वळवा, आणि सकाळी चहाच्या वेळी दवाखान्याचा दिवस ठरवून टाका.